डास उडण्याआधी

चेन्नईहून दक्षिणेला जाणाऱ्या महामार्गावर तांबरम आणि चेंगलपट्टू मागे पडले की दोन्ही अंगांना भातशेती सुरू होते. मदुरांतकमचा विस्तीर्ण तलाव, त्याच्या पाण्यावर भिजणारी खाचरे, पुढे तिंडिवनम, मग विळुप्पुरम. चेन्नईच्या उत्तरेला रेड हिल्स ओलांडून पोन्नेरी-मिंजूरकडे गेले तरी चित्र तेच. कांचीपुरम, चेंगलपट्टू आणि तिरुवळ्ळूर या जिल्ह्यांत जुन्या तलावांची दाटी आहे आणि त्यांच्या जोरावर सोर्णवारी, सांबा आणि नवरै अशा तीन हंगामांत भात घेतले जाते. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येते, खाचरांतले पाणी ओसरलेले असते. इथे नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस जोर धरतो आणि सांबाची खाचरे काठोकाठ भरतात.

खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभे आहे असे धरले तर एका हेक्टरात ते पाच लाख लिटर होते. उथळ, उन्हाने कोमट झालेले, शेवाळाने आणि सूक्ष्म जीवांनी भरलेले, आठवडेच्या आठवडे न हलणारे पाणी. डासाच्या मादीला अंडी घालायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. उष्ण हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

शहरातल्या डासाशी कसे लढायचे हे आता शाळकरी मुलालाही पाठ आहे. पिंप रिकामे करा, कूलर कोरडा ठेवा, टायर-करवंट्या फेका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. चेन्नईतल्या मलेरियाचा डास, म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. तिथेही झाकण घट्ट बसवणे हा उपाय आहेच. पण भाताचे खाचर पालथे घालता येत नाही, त्याला झाकणही बसवता येत नाही. तिथे पाणी हेच पीक आहे. मग त्या पाण्यातली अळी मारायची, आणि त्याच पाण्यातला बेडूक, मासा, चतुराची पिल्ले, गुडघाभर चिखलात उभी असलेली मजूर बाई आणि उद्या ताटात येणारा तांदूळ यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे जमवायचे कसे? या प्रश्नावर तमिळनाडूत गेली कित्येक दशके मन लावून काम झाले आहे. त्यात पुण्याचाही वाटा आहे, आणि तो महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नाही.

या कामाला घाई का होती, ते आधी सांगायला हवे. १९५५ साली तेव्हाच्या मद्रास राज्यातल्या वेल्लोर परिसरात लहान मुलांना ताप, झटके आणि बेशुद्धी असा आजार होऊ लागला. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने व्हायरस रिसर्च सेंटर उभारले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या टेलफर्ड वर्क आणि कीर्ती शाह यांनी रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीवरून निदान केले की हा जपानी मेंदूज्वर आहे. भारतात हा आजार ओळखला गेला तो असा, पहिल्यांदा, उत्तर अर्काट जिल्ह्यात.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे, ढोकरी यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. त्यांच्याकडून माणसाकडे तो आणतात क्युलेक्स ट्रायटेनियोरिंकस आणि क्युलेक्स विष्णुई या गटातले डास. हे डास नाल्यातल्या घाण पाण्यातले नव्हेत, ते भातखाचरातले. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांच्या मेंदूला सूज येते त्यांच्यापैकी तीस टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांना आयुष्यभराचे अपंगत्व येते. रुग्णांत बहुसंख्य मुलेच असतात. विषाणू मारणारे औषध आजही नाही. २००५ साली गोरखपूर आणि आसपास या आजाराने हजाराहून अधिक बळी घेतले, तेव्हा कुठे देश हादरला आणि २००६ पासून लसीकरणाच्या मोठ्या मोहिमा सुरू झाल्या. दक्षिण अर्काट जिल्ह्यातली खेडी मात्र त्याआधीपासून दर पावसाळ्यात हे भोगत होती. १९९३ साली या जिल्ह्याचे विभाजन होऊन विळुप्पुरम आणि कडलूर हे जिल्हे झाले.

मदुराईत १९८५ साली वैद्यकीय कीटकशास्त्र संशोधन केंद्र निघाले, ते मुख्यतः याच आजारासाठी. त्याचे एक क्षेत्र केंद्र दक्षिण अर्काटमधल्या वृद्धाचलमला होते. केंद्राच्या प्रमुख होत्या रेचल रूबेन. त्यांच्या चमूने प्रयोगशाळेत बसून डास मोजण्यापेक्षा शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन पीक, पाणी, खत आणि अळी यांचे एकमेकांशी नाते तपासले. आज भातशेतीतल्या डासांविषयी भारताला जे खात्रीने माहीत आहे, त्याचा बराच भाग या बांधावरच्या कामातून आलेला आहे.

हे काम करायचे साधन अगदी साधे असते: लांब दांड्याचा पांढरा डाव, त्याला डिपर म्हणतात. बांधावरून वाकून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली तिरका बुडवायचा आणि अलगद वर काढायचा. साडेतीनशे मिलिलिटर पाण्यात पांढऱ्या तळावर काळपट रेघा वळवळताना दिसतात. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर ती अ‍ॅनोफिलीसची अळी. शेपटीकडची श्वसननळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली करून लटकलेली असेल तर ती क्युलेक्सची. स्वल्पविरामासारखा वाकलेला, टुणटुण उड्या मारणारा ठिपका दिसला की तो कोष. दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडणार. त्याच डावात चतुराची पिल्ले, पाठीवर पोहणारे पाणकिडे, पाणभुंगे आणि बेडकाची बच्चीही सापडतात. यातले अनेक जीव अळ्यांवर जगतात. त्यांची संख्या लावणीनंतर हळूहळू वाढत जाते. डासाची मादी मात्र पाणी भरल्यावर लगेच हजर होते. त्यामुळे लावणीनंतरचे पहिले काही आठवडे अळ्यांचे असतात, आणि राखणदार उशिरा पोचतात.

हे पाहिले की साध्या कीटकनाशकाची फवारणी खाचरात का फसते ते कळते. सरसकट मारणारे औषध अळ्यांबरोबर चतुराची पिल्ले आणि पाणभुंगेही मारते. आठवड्याभरात औषधाचा असर ओसरतो, नव्या माद्या येऊन अंडी घालतात, आणि या वेळी त्यांना खाणारे पाण्यात कोणीच उरलेले नसते. धूरफवारणीचे तर बोलायलाच नको. तिचा धूर फक्त उडत्या डासाला लागतो, तोही घटकाभर. पाण्यातल्या पुढच्या पिढीला त्याची खबरही नसते. तरीही गावात मागणी होते ती धुराच्या गाडीची, कारण धूर दिसतो आणि काहीतरी चालले आहे असे वाटते. लोकप्रतिनिधींनी ही मागणी पुरवणे थांबवावे, इतके या विषयातले पुरावे स्पष्ट आहेत.

निवडून मारणाऱ्या औषधांत पहिला मान एका जिवाणूचा. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, आटत चाललेल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांचा खच पडलेला आढळला. जोएल मार्गालिथ आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी तिथल्या मातीतून जो जिवाणू वेगळा केला, त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. बीटी हे नाव विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कापसामुळे ओळखीचे आहे. कापसातले जनुक याच जिवाणूच्या वेगळ्या वाणाचे, बोंडअळीवर चालणारे. बीटीआय बोंडअळीला काही करत नाही. त्याचे लक्ष्य डास, काळी माशी आणि त्यांचे जवळचे नातलग एवढेच.

त्याचे काम चालते ते अळीच्या आतड्यात. हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनांचा एक सूक्ष्म स्फटिक बनवतो. पाण्यातले कण गाळून खाणारी अळी तो स्फटिक गिळते. तिच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि मग कुठे त्याचे विष जागे होते. ते आतड्याच्या पेशींना चिकटते, पेशींना भोके पडतात, अळीचे खाणे थांबते आणि साधारण दिवसभरात ती मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि ते विष चिकटायला लागणारी जागाही आपल्या आतड्यात नसते, म्हणून तोच स्फटिक आपल्याला, गुराला, बेडकाला किंवा माशाला निरुपद्रवी ठरतो. शिवाय एकाच स्फटिकात चार वेगवेगळी विषे असल्याने डासांना त्यावर मात करणे फार कठीण जाते. चार दशके वापर होऊनही शेतात-पाण्यात बीटीआयला दाद न देणारे डास ही मोठी अडचण झालेली नाही.

मर्यादा आहेत, आणि त्या समजून घेतल्या नाहीत तर पैसा पाण्यात जातो. कोष काही खात नाही, त्यामुळे बीटीआयने तो मरत नाही. औषध पडायच्या आदल्या दिवशी कोष झालेला डास उडणारच. स्फटिक तळाशी बसतो, तर अ‍ॅनोफिलीसची अळी पृष्ठभागावर खाते. ऊन आणि गढूळपणा त्याचा जोर कमी करतात. एका फवारणीचा असर काही दिवस, फार तर आठवडाभर. पीक उंच झाले की द्रवरूप औषध पातींवरच अडकते. तेव्हा दाणेदार औषध लागते, ते पातींतून घरंगळत पाण्यात पडते.

चेन्नईपासून दीडशे किलोमीटरवर, पुदुच्चेरीत, १९७५ साली व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर सुरू झाले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये क्यासनूर फॉरेस्ट डिसीजवर, म्हणजे माकडतापावर, काम केलेले पी. के. राजगोपालन तिथले संचालक झाले. या केंद्राने बीटीआयचा आपला देशी वाण शोधला, तो वाढवायची पद्धत बसवली आणि तंत्रज्ञान भारतीय कंपन्यांना दिले. आयात औषधाच्या किमतीत खेड्यापाड्यांचे पाणी फवारता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९८१ ते १९८५ या काळात त्यांनी पुदुच्चेरी शहरात हत्तीरोगाच्या डासाविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यात गटारांची दुरुस्ती, जलपर्णी काढणे आणि लोकांचा सहभाग यांवर मोठा भर होता. औषध एकट्याने पुरत नाही ही समज तेव्हापासूनची आहे. गोव्यातही १९९० च्या दशकात बांधकामांवरच्या पाण्यात आणि पडीक टाक्यांत स्टीफेन्सीच्या अळ्यांवर बीटीआयच्या चाचण्या झाल्या.

दुसरा जिवाणू बॅसिलस स्फेरिकस. तो घाण पाण्यातही टिकतो, क्युलेक्सवर जोरात चालतो आणि मेलेल्या अळीत पुन्हा वाढतो, म्हणून त्याच्याकडून फार आशा होत्या. पण त्याचे मुख्य विष एकाच प्रकारचे. कोचीत त्याची दोन वर्षे सतत फवारणी झाल्यावर तिथल्या क्युलेक्स डासांत त्याला मोठ्या प्रमाणात दाद न देणारी पिढी तयार झाल्याचे १९९५ साली मदुराईच्या संशोधकांनी नोंदवले. निसर्गातून आलेले औषध म्हणून ते कायमचे चालेल, हा समज तिथे मोडला. तेव्हापासून औषधे आलटूनपालटून किंवा मिसळून वापरावीत असा आग्रह धरला जातो.

तिसरा गट अळीची वाढ बिघडवणाऱ्या औषधांचा. डायफ्लुबेंझुरॉन अळीला नवी कात घालू देत नाही. पायरिप्रॉक्सिफेन तिच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते, अळी जगते पण कोषातून डास बाहेर पडत नाही. मात्रा अत्यंत कमी लागते आणि सस्तन प्राण्यांना धोका नगण्य असतो. पण कात टाकणारे सगळे जीव त्यांच्या टप्प्यात येतात. कोळंबी आणि खेकड्यांना डायफ्लुबेंझुरॉन फार घातक आहे. पोन्नेरीच्या पुढे पळवेरकाडची खाडी आहे, आणि तिथल्या मच्छीमारांचे पोट कोळंबीवर चालते. ज्या खाचरांचे पाणी ओढ्यावाटे अशा खाडीत उतरते तिथे हे औषध टाकू नये. कोकणात आणि गोव्याच्या खाजणांतही हाच विचार आधी करावा लागेल. टेमेफॉस हे जुने रसायन तर जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातही ठरावीक मात्रेत चालवून घेतले आहे, लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत. टाकीत ते ठीक. खाचरात ते चतुराच्या पिल्लांनाही सोडत नाही. कमी विषारी हे विशेषण कोणाच्या दृष्टीने, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

आता निंबोळीकडे वळू, कारण या सगळ्या कहाणीतला सर्वांत भारतीय आणि शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचा प्रयोग तोच आहे. १९९२ साली मदुराईच्या केंद्राने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डी. आर. राव आणि रेचल रूबेन यांच्याबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले बी. ए. नागसंपगी होते आणि कडुनिंबावर आयुष्य घालवलेले जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटेरर होते. शेतकरी निंबोळी पेंड खत म्हणून टाकतोच. ती अळ्यांवर किती चालते आणि पाण्याच्या नियोजनाची जोड दिली तर काय होते, हे त्यांनी खाचरांतच तपासले. हेक्टरी पाचशे किलो पेंडीने मोठ्या अळ्या आणि कोष खूप घटले. पेंडीचा लेप दिलेला युरिया आणि अधूनमधून सुकवलेले खाचर अशी जोडी केली तर डासही कमी झाले आणि भाताचा उतारा वाढला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी कडुनिंबाचे अधिक कसदार अंश वापरून लागणारी मात्रा खाली आणायचा प्रयत्न केला, कारण हेक्टरी पाचशे किलो पेंड प्रत्येकाला परवडणारी नव्हती.

२०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्यामुळे डासही कमी होतील असे कोणी समजू नये. त्या लेपातले तेल अगदी थोडे असते, नत्र हळू सुटावे आणि युरियाची पळवापळवी थांबावी एवढ्यासाठी. उलट मदुराईच्याच पुढच्या अभ्यासांत असे दिसले की युरियाची मात्रा जसजशी वाढवावी तसतशा खाचरातल्या अळ्याही वाढतात. शेणखत किंवा हिरवळीचे खत घातलेल्या खाचरांत त्या त्यामानाने कमी असतात. नत्र पाण्यात पडले की सूक्ष्म शेवाळ माजते, आणि ते अळ्यांचे अन्न. म्हणजे खताच्या गोणीवरचा निर्णय हा आरोग्याचाही निर्णय आहे. हे कृषी सहायकाने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि तसे सांगितलेले फारसे ऐकू येत नाही.

पाणी अधूनमधून काढून टाकायची कल्पना तमिळनाडूत त्याहून जुनी आहे. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि कावेरीचे पाणी पट्टुक्कोट्टैच्या कोरड्या भागात पोचले. मागोमाग मलेरियाही आला. रॉकफेलर फाउंडेशनचे पॉल रसेल तिथे अभ्यासाला येऊन राहिले. त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव हे पुढे मुंबई राज्यात आणि नंतर पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संचालक म्हणून नावाजले. अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस या डासाची मादी कोवळ्या भातात अंडी घालते, पीक फूटभर वाढले की जवळपास थांबते, हे त्यांना दिसले होते. कारण सावली की गर्दी? त्यांनी पाण्यात रोपांऐवजी नुसत्या उभ्या काड्या रोवून पाहिल्या. मादी तिथेही अंडी घालीना. ती उडत-उडत पाण्यावर नाचून अंडी सोडते. तिला मोकळा पृष्ठभाग लागतो. याच चमूने खाचरे आळीपाळीने भिजवून-सुकवून मलेरिया रोखण्याच्या चाचण्याही केल्या आणि १९४२ साली त्या प्रसिद्ध केल्या.

तर्क सोपा आहे. डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्याआधी दोन-तीन दिवस खाचर सुकले तर अळ्या मरतात. मदुराईच्या केंद्राने हे पुन्हा करून पाहिले तेव्हा अळ्या घटल्या आणि उत्पादन घटले नाही. अडचण निघाली ती पाटाच्या पाण्याची. पाणी वेळेवर मिळेल याची खात्री नसलेला शेतकरी खाचरातले पाणी स्वतःहून का सोडेल? त्यात जमीन सपाट नसेल तर खळग्यांत पाणी साचून राहते आणि सगळ्या अळ्या तिथे जमतात.

आज या पद्धतीला दुसऱ्याच कारणाने जोर आला आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेल्या रीतीत खाचरात भोके पाडलेली नळी रोवतात. पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेले की मगच पुढचे पाणी द्यायचे. पाण्याची बचत तीस टक्क्यांपर्यंत होते आणि मिथेन वायू खूप कमी सुटतो. तमिळनाडूत कमी पाण्यात भात घेण्याच्या श्री पद्धतीचा प्रसारही २००७ च्या सिंचन प्रकल्पापासून जोरात झाला. पाण्यासाठी आणि हवामानासाठी जे केले जात आहे त्यात डासांच्या बाबतीतला फायदा-तोटाही मोजला जावा. त्यासाठी वेगळी योजना नको, एक डिपर आणि एक वही पुरते.

पण सांबाच्या हंगामात हे सारे कोलमडते. ऑक्टोबर ते डिसेंबर आभाळच पाणी ओतत असते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत एका महिन्यात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. २०२३ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळाने उत्तरेकडचे जिल्हे बुडवले. अशा वेळी खाचर सुकवा म्हणणे व्यर्थ. जपानी मेंदूज्वराचा काळही याच महिन्यांचा. म्हणून सोर्णवारी आणि नवरैला पाण्याचे नियोजन, आणि सांबाला पूर ओसरल्यावर बीटीआयसारखे निवडक औषध, अशी वाटणी सर्वांत समंजस ठरते. औषध ठेवायचे ते जिथे दुसरा उपाय चालत नाही तिथल्यासाठी.

तेही सगळीकडे नव्हे. गॅम्बिया नदीच्या पुराच्या मैदानात संशोधकांनी पाठीवरच्या पंपांनी बीटीआय फवारले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता: अळ्या मेल्या, पण पाणी इतके पसरलेले आणि माणसाला न पोचता येण्यासारखे होते की गावातला मलेरिया कमी झाला नाही. याउलट जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठची शंभराच्या आसपास गावे-शहरे १९७६ पासून एकत्र येऊन डासांचा बंदोबस्त करतात. आधी डिपरने मोजणी, मग नकाशा, मग जिथे अळ्या आहेत तेवढ्याच भागावर हेलिकॉप्टरमधून बर्फाच्या खड्यांत गोठवलेले बीटीआय. तिथेही प्रश्न विचारले जातात. डासांच्या नातलग माश्यांच्या अळ्या कमी झाल्या तर पक्ष्या-बेडकांच्या अन्नाचे काय, यावर अभ्यास चालू आहेत आणि ते चालू राहायला हवेत. २०१९ साली झांझिबारच्या भातखाचरांवर ड्रोनने पाण्यावर पातळ तवंग धरणारे औषध सोडण्याची चाचणी झाली. चेन्नई महापालिकाही कालव्यांवर आणि नद्यांवर अळीनाशक फवारायला ड्रोन वापरते. तेच ड्रोन हद्दीबाहेरच्या खाचरांवर नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते आरोग्य खाते, कृषी खाते आणि पाटबंधारे खाते यांनी एका तारखेला एका बांधावर उभे राहणे.

तमिळनाडूला यासाठी कायद्याची कमतरता नाही. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला, आणि त्यात डासांच्या बंदोबस्ताची तरतूद आहे. संशोधन घरचे आहे, वाण घरचा आहे, निंबोळी दारात पडलेली आहे. इतके असूनही खाचरातली अळी बहुतेक ठिकाणी कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही, याची जबाबदारी यंत्रणेचीच.

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. भंडारा-गोंदियातले मामा तलाव आणि त्यांच्याखालची धानाची बांधी पाहिली की मदुरांतकम आठवावे इतके साम्य आहे. विदर्भातही जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. धानपट्ट्यात राहणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत धुराच्या गाडीऐवजी तीन गोष्टी मागाव्यात. रोवणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत हिवताप कर्मचाऱ्याने डिपरने केलेली अळ्यांची मोजणी. ज्या बांधीत अळ्या सापडतील तिथे, आणि तिथेच, बीटीआय. आणि गावतळ्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्याआधी तिथल्या देशी माशांची पाहणी, कारण परक्या माशाने स्थानिक मासा हटवल्याची उदाहरणे आहेत. ज्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते तिथे बाळाला पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळते. ती मोफत आहे. घरात लहान मूल असेल तर त्याचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहावे.